श्रीरंजनीतर्फे

घटस्फोट घ्यायला निघालेली दोन माणसं एकाच ऑटोतून कोर्टात आलेली तुम्ही कधी पाहिलीत? शेषाद्रीराव आणि व्यासराज तशी आली. तीही मांडीवर एकच डबा घेऊन. डब्यात दहीभात आणि वर कैरीचं लोणचं, कारण बाहेरचं सांबार व्यासराजांच्या पोटाला सोसत नाही, आणि हे शेषाद्रीरावांच्या बायकोला, त्रिपुरसुंदरीला, पक्कं ठाऊक होतं.

आता ही दोघं म्हणजे काही नवराबायको नव्हेत. नवराबायको तिकडे कॅनडात, कॅल्गरीला. शेषाद्रीरावांची लेक श्रीरंजनी आणि व्यासराजांचा मुलगा प्राणेश. दोघं वेगळी राहत होती, आणि आता कायद्यानंही वेगळं व्हायचं, एकमेकांच्या संमतीनं, असं ठरवून मोकळी झाली होती. लग्न चेन्नईत लागलं होतं, त्यामुळे मोडायचंही चेन्नईतच ठरलं. पण दर तारखेला नोकरी सोडून विमानात कोण बसणार? मग दोघांनी तिकडच्या भारतीय कचेरीत जाऊन आपापल्या बापाच्या नावानं मुखत्यारपत्र केलं आणि कुरियरनं धाडून दिलं. चेन्नईत त्याला मुखत्यारपत्र कुणी म्हणत नाही. सगळे 'पवर' म्हणतात. लेकीनं बापाला पवर दिली! ऐकायला काय भारी वाटतं. घरात टीव्हीचा रिमोटसुद्धा ज्यांच्या हाती कधी लागला नाही, त्या शेषाद्रीरावांना एकदम पवर मिळाली.

कागद यायच्या आधी श्रीरंजनीचा फोन आला होता. ती फार बोलणारी मुलगी नव्हतीच.

"अप्पा, तुम्ही फक्त माझ्यातर्फे सही करायची. जज्जनं विचारलं तर 'होय' म्हणायचं. एवढंच."

"पण कण्णा, बाळ, काय म्हणून? जालं तरी काय एवढं?"

"विचारू नका अप्पा."

"भांडण तर सगळ्यांच्या घरी होतं..."

"विचारू नका म्हटलं ना."

शेषाद्रीरावांनी मग विचारलं नाही. त्रिपुरसुंदरीनंही नाही. पोरीचा आवाज असा काही लागला होता की पुढे बोलायची दोघांची छातीच झाली नाही. मागच्या हिवाळ्यात ती व्हिडिओवर दिसायची तेव्हा नाक लाल, डोळे लाल, बोटांना मलम. "सर्दी आहे," म्हणायची. "मिळगु-रसम कर, मिऱ्यांचं, चांगलं तिखट," असं आई सांगायची, आणि तेवढ्यावर विषय संपायचा. सर्दीला रसम सांगितलं की आईबापाचं कर्तव्य झालं, असंच त्यांना वाटत होतं.

शेषाद्रीराव आणि व्यासराज, दोघंही चेन्नईतल्या तिरुवल्लिकेणीचे. एकाच गल्लीत वाढले, एकाच शाळेत मार खाल्ला. पुढे शेषाद्रीरावांनी एन्नोरच्या वीज केंद्राच्या कचेरीत जन्म काढला, व्यासराज शाळेत गणित शिकवून निवृत्त झाले. मूळ घराणी तंजावरची. मराठी बोलतात ती अशी की पुण्याहून नोकरीला आलेला पोरगा दोनदा 'काय म्हणालात?' विचारतो आणि मग बिचारा इंग्रजीवर येतो. आपल्या बोलीत बोलणारी घरं आता बोटावर मोजण्याइतकी, त्यात वयाला, पत्रिकेला, शिक्षणाला जुळणारं स्थळ समोरच्या दारात सापडावं, यापरतं भाग्य ते कोणतं! सगळी गल्ली म्हणाली, देवानंच जुळवलं. देवाचं कशाला, या दोघांनीच जुळवलं होतं. सकाळच्या कॉफीवर.

एकच पंचाईत झाली. जन्मभर 'अरे शेषू', 'अरे व्यासा' करणाऱ्या या दोघांना व्याही झाल्यावर बायकांनी दटावलं. व्याह्याला कुणी अरेतुरे करतं का? त्या दिवसापासून दोघं एकमेकांना 'तुम्ही' म्हणायला लागले. आधी हसू यायचं, मग सवय झाली.

पहिल्या तारखेला कोर्टात काय गंमत झाली सांगू? गंमत म्हणायची आपली. वकीलबाई शरण्या, वयानं श्रीरंजनीएवढीच, दोघांची मिळून एकच. तिनं आधीच तमिळमध्ये बजावून ठेवलं होतं, "अंकल, आत 'माझी मुलगी, माझी मुलगी' करू नका. आत तुम्ही म्हणजे श्रीरंजनी. आणि हे अंकल म्हणजे प्राणेश."

पुकारा झाला. अर्जदार एक? शेषाद्रीरावांनी हात वर केला. अर्जदार दोन? व्यासराजांनी हात वर केला. दोघंही वेष्टीत, म्हणजे पांढऱ्या धोतरात, दोघांच्याही कपाळावर गोपीचंदन. मागच्या बाकावर कुणीतरी खुसखुसलं. जज्जबाईंनी लग्नाची तारीख विचारली तर दोघांनी एका सुरात सांगितली, वर मुहूर्तही सांगितला, आणि व्यासराज तर पंगतीतल्या बदाम हलव्यापर्यंत पोचले होते, शरण्यानं बाही ओढली म्हणून थांबले. मग शेषाद्रीरावांना ते वाक्य म्हणावं लागलं. अर्जदार श्रीरंजनी हिला पती प्राणेश याच्यासोबत यापुढे नांदायचं नाही. आदल्या दिवशी आरशासमोर त्यांनी ते चार वेळा म्हणून पाहिलं होतं. तरी तिथे उभं राहिल्यावर ते निम्म्यातच असे अडले की जज्जबाईंनी पाणी द्यायला सांगितलं. शेजारी उभ्या 'पती'नं, म्हणजे व्यासराजांनी, त्यांच्या पाठीवरून हात फिरवला.

कायद्यानं सहा महिने विचार करायला दिले. विचार कुणी करायचा? ज्यांनी करायचा त्यांचा करून झाला होता. म्हणून तो या दोघा म्हाताऱ्यांनी केला.

रोज संध्याकाळी देवळाच्या तळ्यावर बसून तोच विषय. प्राणेश बापाला एवढंच म्हणाला होता की पटत नाही. श्रीरंजनी तेवढंही म्हणाली नव्हती. मग या दोघांनी आपल्या मनानं कारणं काढली. थंडी फार. गावात आपलं माणूस नाही. दोघांनाही नोकरीचा ताण. हे काय कारण झालं लग्न मोडायचं? हळूहळू दोघांची खात्रीच पटली की मुलं रागावली आहेत, आणि राग आज ना उद्या उतरतो.

आणि मग एके दिवशी व्यासराज म्हणाले, "काय हो, साखरपुड्याला निश्चय तांबूल कुणी बदललं?"

"कुणी म्हणजे? आपण."

"लग्नपत्रिका वाचून झाल्यावर ताट कुणी कुणाच्या हाती दिलं?"

"मी तुमच्या, तुम्ही माझ्या."

"मुलं होती तिथं?"

मुलं तेव्हा तिथे नव्हतीच. प्राणेश कॅनडात होता, श्रीरंजनी आत साडी नेसत होती. आमच्यात रीतच तशी. विडा-सुपारीचं ताट बापाकडून बापाकडे जातं, शब्द बापच बापाला देतो, मुलांचं नाव फक्त वाचून दाखवतात.

"मग?" व्यासराज म्हणाले. "तेव्हा कुठल्या कचेरीत जाऊन त्यांनी आपल्याला पवर दिली होती? नाही ना? तरी शब्द चालला. आता तर शिक्क्यासकट दिली आहे. आपण शब्द दिला, आपण तो राखायचा. मुदत मागू. वर्षभराची. तेवढ्यात येतील ताळ्यावर."

शेषाद्रीरावांना ते एकदम पटलं. पटायला काय, त्यांना तेच ऐकायचं होतं. लग्न मोडलं की लेकीचं कसं होणार ही एक काळजी, आणि व्यासाचं नि आपलं काय होणार ही दुसरी. मोडक्या सोयरिकीनंतर कुठल्या तोंडानं तळ्यावर बसायचं? ही दुसरी काळजी ते कुणाला बोलून दाखवत नव्हते, पण खरं सांगायचं तर तीच जास्त पोखरत होती.

घरी त्रिपुरसुंदरीनं ऐकलं आणि हातातलं ताट खाली ठेवलं.

"पोरीनं सांगितलं तेवढंच बोला हो. जास्तीचं एक अक्षर नको."

"तिच्या भल्यासाठीच ना?"

"तिनं भलं करायला नाही सांगितलं. 'होय' म्हणायला सांगितलं."

"तुला कोर्टातलं काय कळतं?" शेषाद्रीराव म्हणाले. जसं काही यांचं सगळं आयुष्य हायकोर्टात गेलं होतं!

आणि अशी ही दुसरी तारीख उजाडली, जिच्यासाठी दोघं एका ऑटोतून आणि एका डब्यासकट आले होते. शरण्याला त्यांनी काही सांगितलं नव्हतं. सांगितलं असतं तर तिनं गेटवरूनच परत पाठवलं असतं.

जज्जबाईंनी कागद चाळले आणि विचारलं, "सहा महिने झाले. अर्जदार एक, निर्णय कायम आहे?"

नुसतं 'होय' म्हणायचं होतं. दोन अक्षरं. ती तोंडात तयार होती. पण शेषाद्रीरावांनी व्यासराजांकडे पाहिलं आणि हात जोडून म्हणाले, "अम्मा, थोडी मुदत मिळावी. समेटाची शक्यता आहे."

शरण्या वळून त्यांच्याकडे बघतच राहिली.

"आणि अर्जदार दोन?"

"आमचंही तेच म्हणणं आहे अम्मा," व्यासराज म्हणाले.

जज्जबाईंचा चेहरा खुलला. संसार जुळल्याची बातमी त्यांच्या वाट्याला कितीशी येत असणार? "फार चांगलं," त्या म्हणाल्या. "म्हणजे दोघांचं बोलणं सुरू झालंय?"

दोघा म्हाताऱ्यांनी एकमेकांकडे पाहिलं.

"एकमेकांशी बोलतात ना?"

"बोलतो ना," व्यासराज म्हणाले. "रोज संध्याकाळी."

"मी नवराबायकोचं विचारते आहे."

"ते... ते नाही अम्मा. आम्ही दोघं बोलतो."

मागे हशा पिकला. जज्जबाई मात्र हसल्या नाहीत. त्यांनी पेन खाली ठेवून दोघांकडे नीट पाहिलं. मग म्हणाल्या की संमती खरी आहे की नाही हे पाहणं माझं काम आहे, आणि अर्जदारांच्या वतीनं समेटाची गोष्ट निघालीच आहे तर मला स्वतः अर्जदारांनाच विचारावं लागेल. पुढल्या तारखेला दोघांनी व्हिडिओवर हजर व्हावं.

शेषाद्रीराव घाईनं पुढे सरकले. "नको अम्मा, तिला नको. मी 'होय' म्हणतो. निर्णय कायम आहे. माझं आधीचं बोलणं मी मागे घेतो."

"आत्ता समेट म्हणालात, आता नाही म्हणता. तुमच्या शब्दावर मी निकाल कसा देऊ?" जज्जबाई सौम्यपणे म्हणाल्या. आणि पुढचा पुकारा झाला.

बाहेर व्हरांड्यात शरण्या एवढंच म्हणाली, "अंकल, आज संपलं असतं. पाच मिनिटांत." डबा त्या दिवशी कुणी उघडला नाही.

घरी येऊन फोन लावला तर श्रीरंजनीला शरण्यानं आधीच कळवलेलं.

"अप्पा, असं का म्हणालात?"

"तुमचं बरं व्हावं म्हणून कण्णा. मला वाटलं..."

तिनं त्यांना वाक्य पुरं करू दिलं नाही.

"आता मला बोलावं लागेल," ती म्हणाली.

"दोन शब्द बोल की. 'होय' म्हण, संपलं."

"आता जज्ज विचारणार ना, समेट का नको म्हणून. दोन शब्दांत नाही होत ते, अप्पा."

ते दिवस शेषाद्रीरावांनी कसे काढले, त्यांचं त्यांना ठाऊक. शरण्याकडे जाऊन विनवलं, काही करता येईल का, अर्ज देऊ, माफी मागतो, लिहून देतो. ती म्हणाली, आता काही होत नाही अंकल. पवर त्यांच्याकडे तशीच होती, शिक्क्यांसकट, देवघरात ठेवलेली. तिचा उपयोग मात्र संपला होता. रोज देवापुढे बसले की समोर तो कागद दिसायचा. तळ्यावर जाणं बंद झालं. व्यासराज दोनदा येऊन गेले, दोनदा नुसती कॉफी पिऊन गेले.

तारखेच्या दिवशी भिंतीवरच्या पडद्यावर दोन चौकोन उघडले. एकात प्राणेश, दाढी वाढलेला, खाली बघणारा. दुसऱ्यात श्रीरंजनी. तिकडे रात्र होती. तिनं केस घट्ट बांधले होते, आणि शाळेत कविता म्हणायला उभी राहायची तशी ताठ बसली होती. शेषाद्रीरावांना वाटलं, आपण हात हलवावा. मग कोर्टात हात हलवतात की नाही ते त्यांना कळेना. खोलीत पुढच्या पुकाऱ्यांची माणसं बसलेली, पंखा गरगरतोय, दारात शिपाई उभा.

तमिळमध्ये पोरीलाही अम्माच म्हणतात. जज्जबाईंनी विचारलं, "अम्मा, तुझ्या वडिलांनी सांगितलं की समेटाची शक्यता आहे. आहे का?"

"नाही."

"वडील म्हणतात तर काही विचारानंच म्हणत असतील. एकदा प्रयत्न करून बघायला काय हरकत आहे?"

श्रीरंजनीनं एकदा खाली पाहिलं. मग ती बोलली. सरळ, न थांबता. पाठ करून आल्यासारखी.

ती म्हणाली, "तो मारत नाही. आवाजही चढवत नाही. मी उलट बोलले की घराबाहेर काढतो आणि आतून कडी लावतो. पहिल्यांदा झालं तेव्हा मी कचरा टाकायला गेले होते. अंगावर घरातले कपडे, पायात सपाता, बाहेर बर्फ. मी बेल वाजवली, काच वाजवली. तो काचेच्या आत बसून कॉफी पीत होता आणि माझ्याकडे बघत होता. नंतर ते नेहमीचंच झालं. शेजारी एक म्हातारी बाई राहते. तिनं कधी काही विचारलं नाही. तिच्या दाराबाहेर खुंटीला तिनं माझ्यासाठी एक कोट टांगून ठेवला. हिवाळाभर तो तिथेच होता."

मागच्या बाकावर आज कुणी खुसखुसलं नाही.

"मिस्टर प्राणेश, तुम्हाला काही म्हणायचं आहे?"

प्राणेशनं मान वर केली नाही. "नाही," म्हणाला. "माझी संमती आहे."

नाही! नुसतं नाही! 'खोटं आहे' एवढं तरी म्हण रे, असं त्या क्षणी व्यासराजांच्या मनात आलं असेल. पण पोरगा तेवढंही म्हणाला नाही. व्यासराज बाकाची कड धरून उभे होते. शेषाद्रीरावांचं सगळं लक्ष पडद्यावर. लाल नाक. बोटांना मलम. मिळगु-रसम कर, चांगलं तिखट. त्यांना ओरडावंसं वाटलं. कुणावर ओरडणार? पडद्यावर? दिवसभराच्या विमानप्रवासापलीकडे बसलेल्या पोरीला ते साधी शालसुद्धा पांघरू शकत नव्हते.

जज्जबाईंनी निकाल सांगितला. घटस्फोट मंजूर. शेवटी त्या हलक्या आवाजात म्हणाल्या, "तुला हे सगळ्यांसमोर बोलावं लागलं, अम्मा. वाईट वाटतं."

"वडिलांशी एक मिनिट बोलू?" श्रीरंजनीनं विचारलं.

जज्जबाईंनी मान डोलावली. शेषाद्रीराव पडद्याखाली जाऊन उभे राहिले, तोंड वर करून. ती आता आपल्या घरच्या मराठीत बोलली, जी त्या खोलीत दोघांनाच कळत होती.

"अप्पा, हे तोंडानं बोलायला लागू नये म्हणूनच तुम्हाला कागद दिला होता."

ती रागानं बोलली असती तरी चाललं असतं. ती रागावली नव्हती. नुसती दमलेली होती. "तब्येतीला जपा. अम्माला काही सांगू नका," म्हणाली, आणि चौकोन काळा झाला.

बाहेर व्हरांड्यात व्यासराज भिंतीला टेकून उभे होते. शेषाद्रीराव जवळ गेले. त्यांनी शेषाद्रीरावांचे दोन्ही हात धरले.

"शेषू," ते म्हणाले. इतक्या वर्षांनी शेषू. "अरे शेषू, माझ्या घरात मी कधी कडी लावली नाही रे. कधीच नाही. हा कुठं शिकला?"

शेषाद्रीरावांना त्यांना जवळ घ्यावंसं वाटत होतं आणि हातही सोडवून घ्यावेसे वाटत होते. शेवटी दोन्हीपैकी काहीच झालं नाही. व्यासराजांनीच हात सोडले आणि ते बस स्टॉपकडे चालू लागले. शेषाद्रीरावांनी त्यांना हाक मारली नाही. ऑटोत ते एकटेच बसले.

तिरुवल्लिकेणीच्या घरी दार उघडंच होतं. त्रिपुरसुंदरी उंबऱ्यापाशी उभी होती, सकाळपासून तिथेच असावी. तिनं आत येऊ दिलं, पाणी दिलं, पाणी पिऊन होईपर्यंत कशीबशी कळ काढली.

"जालं?"

"जालं."

"काय बोलली पोर?"

शेषाद्रीरावांनी तोंड उघडलं. लेकीच्या वतीनं बोलायची पवर होती त्यांच्याकडे, कचेरीच्या शिक्क्याची. परक्या माणसांनी भरलेल्या खोलीत ती पोर जे एका दमात बोलून गेली, ते स्वतःच्या बायकोला, स्वतःच्या घरात, त्यांना सांगवेना. कोट, खुंटी, काच, एकही शब्द बाहेर येईना.

"अहो, बोला ना. काय म्हणाली?"

"विचारू नकोस," शेषाद्रीराव म्हणाले, आणि उठून त्यांनी, कधी नव्हे ते, घराच्या दाराची कडी काढूनच ठेवली आहे ना, ते दोनदा जाऊन पाहिलं.